उजेडाचा आकडा

दोन भिंगांच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्याची एक अडचण तो हातात घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेवर उमटलेलं चित्र पाहायचं. वरचं भिंग पाहण्यासाठी, खालचं फोटो काढण्यासाठी. फिल्मवर उजेड किती पडू द्यायचा हे ठरवणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे लहानमोठं होणारं ॲपर्चर आणि ठरल्या वेळेपुरतं उघडणारं शटर, या खालच्या भिंगात असतात. त्यांचे आकडे साहजिकच भिंगाच्या कडेवर कोरलेले, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडे तोंड करून. फोटो काढणाऱ्याला ते वाचायचे तर कॅमेरा आपल्याकडे वळवा, आकडे लावा, परत समोर वळवा आणि चित्र नव्याने जुळवा. तेवढ्यात समोरचं मूल खेळायला पळालेलं असे.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीला या अडचणीचं पक्कं उत्तर सापडायला १९३७ साल उजाडावं लागलं. पुढची पन्नास वर्षं त्या उत्तरात सुधारणा करण्याचे प्रयत्न चालू राहिले. कधी खुद्द कंपनीने ते केले, कधी स्पर्धकांनी. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट बघण्यासारखा आहे.

पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० साली कंपनी काढली. हायडेके त्याच शहरातल्या फोइगटलेंडर या जुन्या कारखान्यातून आलेला यंत्रकार होता, तर फ्रांके व्यापार सांभाळणारा. सुरुवातीला त्यांनी स्टिरिओ कॅमेरे बनवले. त्यांना तीन भिंगं असत. बाहेरची दोन फोटो घेणारी आणि मधलं नुसतं पाहण्याचं. त्यातलं फोटो घेणारं एक भिंग कमी करून उरलेली दोन एकावर एक ठेवली, की रोलायफ्लेक्स तयार होतो. १९२९ मध्ये तो बाजारात आला. अशा रचनेचे काचपट्टीवर फोटो काढणारे जाडजूड कॅमेरे एकोणिसाव्या शतकातही होते, पण रोलफिल्मवर चालणारा, गळ्यात अडकवून हिंडता येईल असा आटोपशीर कॅमेरा हाच. पहिल्या मॉडेलमध्ये एका रोलवर सहाच फोटो निघत. शटर मात्र पहिल्यापासून म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल कारखान्याचं होतं. कॉम्पूर हे त्याचं नाव, आणि या कथेत ते पुन्हा येणार आहे.

उजेड मोजायचा कसा, हा प्रश्न तेव्हा कॅमेऱ्याचा मानलाच जात नसे. तो फोटोग्राफरच्या अनुभवाचा भाग होता. फिल्मच्या खोक्यात एक चिठ्ठी असे: लख्ख ऊन, विरळ ढग, दाट ढग, सावली, आणि प्रत्येकापुढे आकडे. रोलायफ्लेक्सच्या पाठीवरच धातूची एक पट्टी बसवलेली असे आणि तिच्यावर उजेड व विषय यांचं कोष्टक छापलेलं असे. त्याहून काटेकोर हवं असेल तर नळीसारखं एक छोटं साधन मिळे. त्यात डोळा लावला की उत्तरोत्तर काळोखे होत गेलेले आकडे दिसत. ज्या आकड्यापर्यंत वाचता आलं त्यावरून एक्स्पोजर काढायचं. यात खोट एवढीच, की माणसाचा डोळा अंधाराला सरावतो. एक मिनिट अधिक पाहिलं तर आणखी एखादा आकडा दिसू लागतो आणि हिशोब बदलतो. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात, ते वेगळंच.

म्हणजे १९३० च्या आसपास कॅमेरेवाल्यांपुढे मुख्य प्रश्न मोजण्याचा नव्हता. मोजलेलं, किंवा अंदाजलेलं, कॅमेऱ्यावर पटकन लावायचं कसं, हा होता.

फोइगटलेंडरने १९३३ च्या सुपर्ब या मॉडेलमध्ये या प्रश्नाला दिलेलं उत्तर आजही गंमत वाटावी असं आहे. त्यांनी शटरच्या कड्यावरचे आकडे आरशात दिसावेत तसे उलटे कोरले आणि भिंगाजवळ एक प्रिझम बसवला. वरून त्या प्रिझममध्ये पाहिलं की उलटे आकडे सुलटे दिसत. फोटो काढणाऱ्याला मान खालीच ठेवून शटरचा वेग वाचता येई. कल्पना हुशारीची, पण बोटांना काही फायदा नाही. कडं फिरवायला हात भिंगापाशी न्यावाच लागे, आणि बोट भिंगाच्या काचेला लागण्याची भीती कायम. ब्राउनश्वाइगमधल्या या शेजाऱ्याने वाचण्याची सोय केली, लावण्याची नाही.

रोलायफ्लेक्सच्या १९३२ च्या स्टँडर्ड मॉडेलने वरच्या भिंगाच्या माथ्यावर एक बारीक खिडकी दिली आणि आकडे तिथे आणले, पण ते बदलायचे भिंगाजवळच्या लहान दांड्यांनी. १९३७ मध्ये आलेल्या ऑटोमॅट मॉडेलने हे काम शेवटाला नेलं. दोन भिंगांच्या मधल्या जागेत, डाव्या आणि उजव्या कडेला, खाचा असलेली दोन चाकं बसवली. एक ॲपर्चरचं, दुसरं शटरचं. दोन्ही हातांनी कॅमेरा धरला की बोटं आपसूक त्यांच्यावर येतात. चाक फिरवलं की वरच्या खिडकीत आकडा सरकतो. मान खाली, डोळे काचेवर, बोटं चाकांवर आणि नजर किंचित पुढे नेली की दोन्ही आकडे समोर. कॅमेरा वळवायचं काम संपलं.

ऑटोमॅट हे नाव मात्र चाकांमुळे पडलेलं नाही. फिल्मची कागदी शेपटी संपून फिल्म सुरू झाली हे या कॅमेऱ्याला जाडीवरून कळे आणि पहिला फोटो आपोआप जागेवर येई. शिवाय बाजूचा दांडा फिरवला की फिल्म पुढे सरके आणि त्याच हालचालीत शटरही ताणलं जाई. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कॅमेऱ्याला ग्रां प्री मिळालं ते या करामतींसाठी. जाहिरातींतही त्यांचाच बोलबाला होता. रोज कॅमेरा वापरणाऱ्याला जास्त उपयोग झाला तो त्या दोन चाकांचा.

या सुबक रचनेतही एक खोच होती. शटरचा सर्वांत जास्त वेग, १/५०० सेकंद, मिळवण्यासाठी कॉम्पूर रॅपिडमध्ये एक जादा स्प्रिंग असे. शटर आधी ताणून ठेवलं असेल तर १/५०० वर चाक नेणं अवघड आणि यंत्राला अपायकारक. त्यामुळे पाचशेचा वेग हवा असेल तर दांडा फिरवण्याआधीच ठरवावं लागे. इथे दांडा फिरवताच शटर ताणलं जात असल्यामुळे पुढचा फोटो कसला असणार हे मागचा संपताच माहीत हवं. रोलायफ्लेक्स वापरणारे पत्रकार सवयीने आधी चाक लावत आणि मग दांडा फिरवत.

मोजण्याची बाजू याच काळात दुसरीकडे पुढे सरकत होती. सेलेनियम या धातुसदृश पदार्थावर उजेड पडला की त्यात किंचित वीज निर्माण होते. ती वीज एका नाजूक काट्याला हलवू शकते, बॅटरी लागत नाही. १९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने या तत्त्वावर फोटोग्राफरांसाठी मीटर आणला आणि डोळ्याच्या भरवशावरच्या नळ्या मागे पडायला लागल्या. हा मीटर कॅमेऱ्यातच बसवण्याचं धाडस पहिल्यांदा केलं ते मात्र दोन भिंगांच्याच एका कॅमेऱ्याने. ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉन कंपनीचा कॉन्टाफ्लेक्स १९३५ मध्ये आला. तो रोलायफ्लेक्सच्या घराण्यातला म्हणावा तर फिल्म ३५ मिलिमीटरची, फोटो घेणारं भिंग बदलता येणारं, शटर पडद्याचं आणि १/१००० सेकंदापर्यंत धावणारं. पाहण्याच्या भिंगावर झडपेखाली सेलेनियमचा तुकडा. किंमत अशी की श्रीमंतांनीही दोनदा विचार करावा. त्याचा मीटर कॅमेऱ्यात होता, पण कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. काटा पाहायचा, आकडा लक्षात ठेवायचा आणि तो हाताने लावायचा. मीटर खिशातून काढायचा त्रास वाचला, एवढंच.

युद्ध आलं आणि हे प्रयोग थांबले. रोलायफ्लेक्स मात्र सगळीकडे पोचला होता. युरोपातली युद्धभूमी टिपणाऱ्या ली मिलरच्या हातात तो होता. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि पुढची जवळपास तीन दशकं त्यांनी राजधानीचा सार्वजनिक इतिहास टिपला. त्यांच्या कामाच्या कॅमेऱ्यांत स्पीड ग्राफिकच्या जोडीला रोलायफ्लेक्स होता. अशा बातमीदारीत मीटर काढून काटा पाहायला वेळ कुणाला? घरातल्या समारंभांत फ्लॅशचे बल्ब वापरले जात आणि त्यांचा हिशोब उजेडावर नसून अंतरावर असे. बल्बच्या खोक्यावर एक अंक छापलेला असे, त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर. समजा अंक ३२ आणि माणूस चार मीटरवर, तर एफ/८. माणूस दोन मीटरवर आला की एफ/१६. एकच चाक फिरवायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पन्नासच्या दशकात जर्मन यंत्रकारांना तिचा विसर पडला.

त्या दशकात एक नवी डोकेदुखी आली होती. रंगीत स्लाइडची फिल्म. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला उजेड थोडा कमीजास्त झाला तरी डार्करूममध्ये प्रिंट काढताना सांभाळून घेता येतं. स्लाइडमध्ये ती सवलत नाही. कॅमेऱ्यात जे झालं तेच पडद्यावर दिसतं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, आणि अर्ध्या स्टॉपची चूकही चेहऱ्याचा रंग उडवते. नवी फिल्म हौशी माणसाच्या हातात देऊन त्याला दोन वेगवेगळे आकडे जुळवायला लावणं धोक्याचं होतं. हे दोन आकडे मिळून एकच करता आला तर?

डेकेलच्या कारखान्याने तो केला. विचार असा: ॲपर्चर एक पायरी बंद केलं आणि शटर एक पायरी मंद केलं, तर फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच राहतो. म्हणून अशा सगळ्या जोड्यांना मिळून एकच अंक देता येतो. एफ/१ आणि एक सेकंद म्हणजे शून्य. तिथून प्रत्येक पायरीला एकाची भर. एफ/१६ पर्यंत आठ पायऱ्या, १/१२५ सेकंदापर्यंत सात, म्हणून ती जोडी पंधरा. एफ/११ आणि १/२५० म्हणजेही पंधरा, एफ/८ आणि १/५०० म्हणजेही पंधरा. १०० वेगाच्या फिल्मला भर उन्हात पंधराच लागतात. म्हणजे हौशी माणसाने एकच आकडा लक्षात ठेवायचा आणि चाकं एकमेकांना बांधून टाकायची. मग त्याने एक चाक कसंही फिरवलं तरी दुसरं उलट दिशेने तेवढंच फिरेल. बैलजोडीला जू घालावं तसं.

हे जू घालण्याआधी एक जुनी अडगळ दूर करावी लागली. शटरचे जुने आकडे १, २, ५, १०, २५, ५०, १००, २५० असे होते. वाचायला सोपे, पण पायऱ्या असमान. पाचावरून दहावर उजेड निम्मा होतो, दहावरून पंचवीसवर निम्म्याहूनही कमी. ॲपर्चरच्या पायऱ्या दरवेळी उजेड बरोबर निम्मा करणाऱ्या. जुन्या आकड्यांनिशी दोन चाकं बांधली तर दर पायरीला चूक साचत जाणार. म्हणून १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५०० ही नवी मालिका रुळली, प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट, किंवा व्यवहारापुरता दुप्पट. ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही आहे. तिचा पाया घालणारी दोन चाकांची जोडणी पुढे बाद झाली, मालिका टिकली.

१९५४ मध्ये रोलायफ्लेक्सवर ही सोय आली आणि त्याच वर्षी स्वस्त भावंड असलेल्या रोलायकॉर्डच्या पाचव्या मॉडेलवरही. १९५७ च्या हॅसलब्लाड ५०० सी च्या भिंगांवरही ती होती. जपानी कंपन्यांनीही मागोमाग उजेडाच्या आकड्याची पट्टी आपल्या कॅमेऱ्यांवर आणली. काही वर्षं असं वातावरण होतं की हा आकडा नसलेला कॅमेरा जुनाट वाटावा.

जाणत्या फोटोग्राफरांना मात्र जोडणी आवडली नाही आणि त्यांची तक्रार रास्त होती. जोडणी गृहीत धरते की उजेड स्थिर आहे आणि माणसाला फक्त ॲपर्चरने ठरणारी चित्राची खोली आणि शटरने ठरणारी गती यांची अदलाबदल करायची आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असतं. कुणी रस्त्यावर एफ/८ ठरवून फिरतो आणि ढग आला की फक्त शटर बदलतो. जोडलेल्या चाकांनी शटर बदललं की ॲपर्चरही निघून जातं. उजेड बदलल्यावर नवा आकडा लावायचा तर आधी जोडणी सोडवा, मग लावा. तशी सोय यंत्रात दिलेली होती, पण घाईत ती आठवायला हवी.

फ्लॅशच्या बाबतीत तर जोडणी घातकच. या कॅमेऱ्यांचं शटर भिंगातच असतं आणि त्याच्या पाकळ्या प्रत्येक वेगाला पूर्ण उघडतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश १/५०० सेकंदालाही चालतो. पडद्याच्या शटरला हे जमत नाही. भर उन्हात माणसाच्या चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळायची तर चेहऱ्याचा उजेड ॲपर्चरने ठरतो आणि मागच्या आकाशाचा शटरने. दोन चाकं म्हणजे दोन वेगळे निर्णय. फ्लॅशला तसंच ठेवून आकाश गडद करायचं म्हणून कुणी शटर वाढवलं आणि जोडणीने ॲपर्चर उघडून दिलं, तर आकाश होतं तसंच राहतं आणि चेहरा जळून जातो. या कॅमेऱ्याच्या अंगी जो सर्वांत मोठा गुण होता, त्याच्याच आड ती सोय येत होती.

रोलायफ्लेक्सच्या १९५६ च्या ई मॉडेलांनी मीटर आत घेतला. वरच्या भिंगाच्या माथ्यावर, नावाच्या पट्टीत, मधाच्या पोळ्यासारख्या खिडकीमागे सेलेनियमचा तुकडा, आणि काटा डाव्या बाजूच्या फोकसच्या गुंडीत. त्या गुंडीवर उजेडाचा आकडा वाचायचा आणि चाकांवर लावायचा. कॉन्टाफ्लेक्सने वीस वर्षांपूर्वी केलेलंच काम, फक्त नेटकेपणाने.

खरी कारागिरी दिसली ती एफ मालिकेत. १९५८ चा ३.५ एफ आणि १९६० चा २.८ एफ. फोकसच्या गुंडीतल्या छोट्या खिडकीत आता एकाऐवजी दोन काटे होते. एक उजेडाने हलणारा. दुसरा चाकांनी हलणारा. दोन्ही एकमेकांवर आले की एक्स्पोजर बरोबर. दुसरा काटा हलवण्यासाठी कंपनीने दोन्ही चाकांच्या हालचाली एका डिफरन्शियल गिअरमध्ये आणल्या, जो त्यांची बेरीज करतो. डेकेलचा अंकही बेरीजच होता, पण तिथे चाकं बांधून बेरीज स्थिर ठेवलेली होती. इथे २.८ एफमध्ये चाकं पुन्हा सुटी झाली आणि बेरीज फक्त दाखवली जाऊ लागली. माणसाला हवं ते करू द्यायचं आणि परिणाम तेवढा समोर ठेवायचा. सहा वर्षांत कंपनी वळसा घालून १९३७ च्या दोन मोकळ्या चाकांपाशी परतली होती, हातात एक काटा घेऊन.

काट्याने सगळे प्रश्न सुटले असंही नाही. १९६० मध्ये अमेरिकेत फिल्मच्या वेगाची मोजणी बदलली. जुन्या पद्धतीत कमी उजेड पडण्याच्या भीतीने ठेवलेली राखीव सवड काढून टाकली आणि काळ्यापांढऱ्या फिल्मचे अंक जवळपास दुप्पट झाले. कोडॅकची ट्राय-एक्स २०० ची ४०० झाली, खोक्यातली फिल्म तीच. मीटरवर विश्वास वाढल्याची ही एक खूण होती. जुने कोष्टक पाठ असणाऱ्यांचा मात्र काही काळ गोंधळ उडाला असणार.

त्याच १९६० मध्ये कंपनीने उलट टोकाचं पाऊलही टाकलं. रोलाय मॅजिक नावाच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर पूर्णपणे यंत्राकडे होतं. सेलेनियमच्या विजेवर ॲपर्चर आणि शटर दोन्ही आपोआप ठरत. दोन भिंगांच्या घराण्यातला हा पहिला स्वयंचलित कॅमेरा. पण ज्यांना काहीच ठरवायचं नव्हतं त्यांना मान खाली घालून डावं-उजवं उलट दिसणारं चित्र जुळवण्याचीही हौस नव्हती. ते छोट्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांकडे गेले. ज्यांना हा कॅमेरा हवा होता त्यांना चाकं हवी होती. दोन वर्षांत आलेल्या मॅजिक टू मध्ये हाताने आकडे लावण्याची सोय परत द्यावी लागली.

दरम्यान जपानने ही रचना आपलीशी केली होती. १९५० मध्ये आलेल्या स्वस्त रिकोफ्लेक्सने लाट उठवली आणि त्या दशकात इतक्या कारखान्यांनी दोन भिंगांचे कॅमेरे काढले की इंग्रजी मुळाक्षरांतली काही सोडली तर प्रत्येक अक्षरावरून एक नाव होतं, असं सांगतात. स्वस्त मॉडेलांवर आकडे भिंगाच्या कडेवरच, म्हणजे १९२९ चीच गैरसोय. मिनोल्टाच्या १९५५ च्या ऑटोकॉर्डने चाकांऐवजी भिंगाच्या दोन्ही बाजूंना दांड्या दिल्या, पण आकडे वरच्या खिडकीतच आणले. ब्राउनश्वाइगची चाकं तशीच्या तशी घेतली ती याशिकाने.

मामियाची वाट वेगळी. १९५० च्या दशकातल्या सी मालिकेपासून ते १९६९ च्या सी ३३० पर्यंत या कॅमेऱ्यांची भिंगं जोडीने बदलता येत. त्यामुळे शटर आणि ॲपर्चर कॅमेऱ्यात नसून प्रत्येक जोडीत. आकडे पुन्हा भिंगावर गेले आणि वरून खिडकीत वाचण्याची चैन संपली. पण या कॅमेऱ्यात भाता होता, आणि भात्याने एक नवा हिशोब आणला. भिंग फिल्मपासून दूर सरकलं की उजेड पातळ होतो, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. ८० मिलिमीटरचं भिंग आणखी ४० मिलिमीटर पुढे गेलं की उजेड सव्वादोन पट जास्त लागतो, म्हणजे एका स्टॉपहून थोडा अधिक. रोलायफ्लेक्स मीटरभर अंतरापर्यंतच फोकस होतो, त्याला याची फिकीर नाही. मामियात मात्र फूल किंवा नाणं जवळून टिपणाऱ्याला मीटरचं उत्तर सपशेल चुकीचं मिळे, कारण मीटर भात्यातून पाहतच नव्हता. म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला वाढीव उजेडाचं कोष्टक आणि सी ३३० च्या काचेवर भाता वाढेल तशी सरकणारी खूण: इथे दीडपट, इथे दुप्पट. एक्स्पोजरबद्दल इतक्या प्रामाणिकपणे बोलणारा दोन भिंगांचा दुसरा कॅमेरा दाखवणं कठीण. फोटोग्राफर डायान आर्बसने रोलायफ्लेक्स सोडून मामिया घेतला आणि दिवसाउजेडी फ्लॅश मारून माणसं टिपली. तिच्या कामात दोन मोकळ्या निर्णयांचा उपयोग उघड दिसतो.

भारतातल्या स्टुडिओंना आणि लग्नाच्या फोटोग्राफरांना या सगळ्यातला सर्वांत ओळखीचा झाला तो याशिका-मॅट १२४ जी. १९७० ते १९८६ असा तो बनत राहिला. रोलायफ्लेक्सची चाकं, वरची खिडकी, एफ मालिकेसारखे जुळवायचे दोन काटे, आणि किंमत जर्मन कॅमेऱ्याच्या मानाने कितीतरी कमी. एका रोलवर बारा फोटो, हळदीच्या अंगणातलं ऊन आणि मांडवातला काळोख एकाच दिवसात. सेलेनियमऐवजी यात कॅडमियम सल्फाइडचा मीटर होता. तो अंधारातही काटा हलवतो, पण स्वतः वीज निर्माण करत नाही, १.३५ व्होल्टची पाऱ्याची बटणबॅटरी लागते. शिवाय उन्हातून एकदम सावलीत गेलं की काही क्षण त्याला आधीचा उजेडच आठवत राहतो. झाकण उघडलं की मीटर सुरू, मिटलं की बंद, ही त्याची चांगली युक्ती.

पुढे पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर अनेक देशांत बंदी आली. दीड व्होल्टची साधी बटणबॅटरी त्या जागी बसते, पण काटा खोटं सांगू लागतो. श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, ती बऱ्यापैकी चालते, पण महिन्या-दोन महिन्यांत संपते. सेलेनियमचं दुखणं वेगळं. बॅटरी नाही म्हणून तो अमर असेल असं वाटे, पण ओलावा आणि वय यांनी त्याची वीज मंदावत जाते. आज बाजारात येणाऱ्या ई आणि एफ मॉडेलांत काटा जागचा हलत नाही किंवा दोन स्टॉपने चुकतो, असे बरेच सापडतात.

खुद्द रोलाय कंपनी १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण दोन भिंगांचा कॅमेरा तिच्या पुनर्जन्मांतही टिकला. १९८७ मध्ये आलेल्या २.८ जीएक्स मध्ये काटा नव्हता. सिलिकॉनचा मीटर पाहण्याच्या भिंगातून येणारा उजेड मोजत होता आणि निकाल काचेच्या कडेला एलईडीच्या दिव्यांनी सांगत होता. तोवर एकाच भिंगातून पाहणारे आणि टिपणारे जपानी एसएलआर कॅमेरे शटर आणि ॲपर्चर दोन्ही आपोआप ठरवू लागले होते. जीएक्समध्ये ते ठरवायचे होते हातानेच, दोन भिंगांच्या मधल्या त्याच दोन चाकांनी. २००१ च्या २.८ एफएक्स मध्येही तेच.

जुने कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर ई आणि एफ मॉडेलं विकत घेणाऱ्याला मीटरकडे फारसं लक्ष देऊ नये असं सांगतात. ते आधी शटरचे मंद वेग ऐकतात, कारण एका सेकंदाच्या शटरमध्ये वाळलेलं तेल लगेच कळतं. मग ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आहे का ते पाहतात. मग चाकं फिरवून वरच्या खिडकीतले आकडे जागेवर येतात का हे तपासतात. मीटर मेलेला असेल तर किंमत थोडी उतरते. उजेड मोजायला फोनमधलं ॲप पुरतं, आणि त्यात दिसलेले दोन आकडे चाकांवर लावायला दोन सेकंद लागतात.